मोठे टायर टाकल्यावर स्टेअरिंग हलतंय? आधी ढिलं काय आहे ते शोधा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आलेत, आता हायवेला गाड्यांची रांग लागणार आणि गेल्या काही वर्षांत त्या रांगेत मोठे टायर टाकलेल्या गाड्या खूप दिसायला लागल्यात, जिप्सी, जिम्नी, थार, जुन्या जीपा. माझी त्याला हरकत नाही, उलट मला स्वतःला ह्या गाड्या मनापासून आवडतात, सड्यावरच्या कातळावरनं, पऱ्यातनं, चिखलातनं त्या जशा निघतात तशी दुसरी गाडी निघत नाही. पण चिपळूणच्या अलीकडे हायवेलगत माझं छोटं गॅरेज आहे आणि ह्यातले बरेचजण माझ्याकडे थांबतात ते एकच सांगत, "मिस्त्री, स्टेअरिंग हलतंय, सत्तरच्या पुढे गेलं की हातात राहत नाही." विचारलं तर कळतं टायर टाकले त्या दुकानात दोनदा बॅलन्सिंग झालंय, अलाइनमेंट झालंय, शेवटी कोणीतरी नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगच्या रॉडला लावलेला छोटा शॉक अब्सॉर्बर) बसवून दिलाय, थोडे दिवस बरं वाटलं आणि आता परत तेच. बायकापोरं गाडीत, वर सामान बांधलेलं, आणि अशा गाडीने माणूस घाट उतरून आलेला असतो, म्हणून हे पत्र लिहितोय, जरा मोठं झालंय पण कृपा करून छापा.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोठा टायर टाकल्यावर गाडी हलायला लागली तर नुसता टायरला दोष देऊन किंवा वरनं डॅम्पर लावून भागत नाही. गाडीच्या पुढच्या भागात आधीपासून जे काय ढिलं झालेलं असतं ते बारीक टायरवर कळत नव्हतं, मोठ्या टायरने ते बाहेर काढलं. ते ढिलं काय आहे हे शोधायला पैसे लागत नाहीत, दोन माणसं आणि अर्धा पाऊण तास लागतो, आणि तेवढाच वेळ कोणी द्यायला तयार नाही.

आधी हलणं हलण्यात फरक आहे तो समजून घ्या. एक प्रकार म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर ठराविक स्पीडला, समजा सत्तर ते नव्वदच्या मध्ये, स्टेअरिंग बारीक थरथरतं आणि त्याच्या पुढे किंवा मागे गेलं की थांबतं, हे बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं किंवा वाकड्या रिमचं असतं. थरथर हातात न येता सीटखाली येत असेल तर मागची चाकं बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क बघा, तिथे टायरचा संबंध नाही. दुसरा प्रकार वेगळा, ज्याला आता सगळे डेथ वॉबल म्हणतात तो. गाडी एकदम व्यवस्थित चाललेली असते, मग पुलाचा जॉइंट येतो किंवा एकच चाक खड्ड्यात जातं आणि तिथनं पुढे स्टेअरिंग डावीउजवीकडे असं आपटायला लागतं की दोन्ही हातांनी धरवत नाही आणि गाडी बऱ्यापैकी हळू केल्याशिवाय ते थांबतच नाही. हा नुसत्या बॅलन्सिंगने जाणारा प्रकार नाही. गिऱ्हाईक गॅरेजला आलं की मिस्त्रीने पहिलं हेच विचारायला पाहिजे, कधी सुरू होतं, कशाने सुरू होतं, कधी थांबतं, आणि गिऱ्हाईकानेही नुसतं हलतंय म्हणू नये, हे सगळं आठवून सांगावं.

हा दुसरा प्रकार जास्त करून पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत होतो, म्हणजे जिप्सी, जिम्नी, जुन्या पाटे (लीफ स्प्रिंग) लावलेल्या जीपा. दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलला असतात त्यामुळे एका चाकाला बसलेला दणका टाय रॉडमधनं (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा आडवा रॉड) आणि अ‍ॅक्सलमधनं दुसऱ्या चाकाला जातो, दुसरं परत पहिल्याला देतं, आणि मधे कुठे ढिलेपणा असला की ते वाढतच जातं. २०२० नंतरच्या थारला पुढे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगळं आहे, तिथे असा प्रकार क्वचित, तिथे बॅलन्सिंग, अलाइनमेंट, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एन्ड (रॉडच्या टोकाचा जॉइंट) एवढंच आधी बघावं.

आता टायर मोठा झाल्याने नेमकं काय होतं ते आकड्यात सांगतो कारण लोकांना वाटतं दोन इंचाने काय फरक पडतो. जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५, त्याचा व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. त्या जागी २३५/७५ आर १५ टाकला की व्यास ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त. मीटर बरोबर आहे असं धरलं तर मीटरवर ८० दिसताना गाडी खरी ८५ च्या आसपास चाललेली असते. वर मड टायर (चिखलासाठीचा मोठ्या गोट्यांचा टायर) कंपनीच्या टायरपेक्षा काही किलोंनी जड, आणि ते वजन सगळं बाहेरच्या कडेला फिरतं. ८० च्या स्पीडला हे चाक एका सेकंदात साडेनऊ वेळा फिरतं आणि रिमच्या कडेला नुसता ६० ग्रॅमचा फरक राहिला तर प्रत्येक फेरीला चार किलोच्या वर ओढ बसते, सेकंदाला साडेनऊ वेळा. तोच ६० ग्रॅम ४० च्या स्पीडला फक्त एक किलोची ओढ देतो, म्हणून गावात फिरताना काही कळत नाही आणि हायवेला लागल्यावर हात थरथरतात. आणि मड टायरच्या मोठ्या गोट्यांमुळे तो मुळात एकसारखा बनवणं आणि बॅलन्स करणंच अवघड असतं हे टायरवाल्याला माहीत असतं, तो सांगत नाही.

बरेचजण टायरबरोबर बाहेर निघालेली रिम घेतात किंवा स्पेसर (हब आणि रिमच्या मधे घालायची जाड चकती) लावतात, गाडी रुंद दिसावी म्हणून. त्याने चाक किंगपिनपासून, म्हणजे ज्या उभ्या पिनेभोवती चाक वळतं तिच्यापासून, लांब जातं आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका स्टेअरिंगच्या रॉडांवर जास्त ताकदीने बसतो. स्पेसर तर मी माझ्या गॅरेजला बसवतच नाही, कोणी कितीही मागे लागलं तरी. आणि बाहेरच्या रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिम हबवर मधोमध बसत नाही, नटांच्या भरवशावर बसते, तेव्हा चाक जॅकवर उचलून नट आडव्यातिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळत आणले पाहिजेत आणि शेवट टॉर्क पान्याने केला पाहिजे. एअर गनने एकेक नट टर्रकन टाइट केला की रिम किंचित एका बाजूला बसते आणि मग मशीनवर एकदम शून्य दाखवणारं चाक गाडीवर हलतं.

तर शोधायचं कसं. सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करा. चारही टायरची हवा थंड असताना बघा, समुद्रावर जायचं म्हणून हवा कमी केलेली असते आणि परत भरायची राहते, किंवा एका बाजूला कमी एका बाजूला जास्त असते. (किनाऱ्यावर गाडी घालायची का हा वेगळा विषय आहे, वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात तिथे तर नकोच नको.) मग रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा, आपल्या जांभ्याच्या लाल मातीचा चिखल आत बसून वाळला की तो सिमेंटसारखा होतो आणि शंभर दीडशे ग्रॅम सहज भरतो, तो खरवडून काढल्यावर गाडी शांत झालेली मी पाहिलीय. गाडी मुंबईकरांची असेल आणि गावच्या घरी महिनोन्महिने एकाच जागी उभी असेल तर टायर खाली चपटा झालेला असतो, तो पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर गोल झाला तर ठीक, नाही झाला तर टायर बदला. जुने घेतलेले टायर असतील तर साइडवरचा चार आकडी नंबर वाचा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

त्यानंतर चाक उचलून हाताने फिरवा आणि टायरच्या जवळ एक काडी किंवा खडू स्थिर धरा, चाक बाजूला लचकतंय की वरखाली उडतंय ते लगेच दिसतं. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका आणि त्याच रस्त्याला त्याच स्पीडने चक्कर मारा. हलणं हातातनं सीटखाली गेलं किंवा बदललं तर दोष टायर-रिममध्ये आहे. काहीच फरक पडला नाही तर टायरवाल्याकडे परत जाऊ नका, तिथे बॅलन्सिंगचे पैसे फुकट जातात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

पुढची टेस्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हीच कोणी करत नाही. गाडी जमिनीवर चार चाकांवर उभी, जॅक नाही, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावीकडे उजवीकडे करत राहायचं, दुसऱ्याने पुढनं खाली वाकून एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं.

मध्यंतरी दापोलीकडनं एक तरुण मुलगा लिलावात घेतलेली जिप्सी घेऊन आला होता, २३५ चे मड टायर, नवा डॅम्पर, आणि ६० ला पुलाच्या जॉइंटवर असा झटका की बरोबरचे त्याचे वडील परत त्या गाडीत बसायला तयार नव्हते. आमच्या पोऱ्याला स्टेअरिंगवर बसवलं आणि मी खाली गेलो. पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सचा दांडा) हलायचा आणि ड्रॅग लिंक (तिथनं चाकाकडे जाणारा रॉड) त्याच्या मागनं, किंचित उशिराने हलायची, एन्डवर बोट ठेवलं की टक, परत टक. एन्डचा रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसच्या जागी लाल चिखलाची पेस्ट. मग त्या पोराला म्हटलं तू ये खाली, माझ्या जागी बोट ठेव, त्याला ते जाणवलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण इतके दिवस सगळ्यांनी त्याला टायरच खराब सांगितले होते. पुढच्या पाट्यांचे शॅकल बुशही (पाटा जिथे लटकतो तिथले रबर) गेलेले, स्टेअरिंग फिरवलं की अ‍ॅक्सल स्वतःच थोडा सरकायचा. मग पुढची बाजू उचलून घोडीवर (स्टँडवर) घेतली, टायरला वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर हात लावून हलवलं, प्ले (ढिलेपणा) होता. पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला, तरी प्ले तसाच, म्हणजे व्हील बेअरिंग नाही, किंगपिन. (ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर व्हील बेअरिंग.) तीन आणि नऊवर हात लावून हलवलं की टाय रॉडचे एन्ड कळतात, ते त्या गाडीचे बरे होते. किंगपिन उघडलं तर खालच्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊन गंज, रोलर्सना चट्टे, आणि वाटीत बरोबर चाक सरळ असतानाच्या जागी खाचा पडलेल्या.

बेअरिंग नवीन, नकलचे (चाकासकट वळणारा भाग) सील नवीन, शिम (पातळ चकत्या) कमी करून प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) स्प्रिंगच्या काट्याने ओढून मापला, ड्रॅग लिंक एन्ड, शॅकल बुश, शेवटी टो (पुढची चाकं पुढनं किती आत वळलेली आहेत ते माप) आणि मग बॅलन्सिंग. टायर तेच, डॅम्परही तोच ठेवला. त्याच पुलाच्या जॉइंटवरनं ऐंशीने नेली, स्टेअरिंग हललं नाही. त्या मुलाने आधी टायर आणि डॅम्परवर जेवढा खर्च केला होता त्यापेक्षा हे काम कमी पैशात झालं हे मला मुद्दाम सांगायचंय.

जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ह्यात अजून एक जागा वाढते, अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून जो पॅनहार्ड रॉड असतो त्याचे दोन बुश. तिथे जराही प्ले असेल किंवा बोल्ट ढिला असेल तर वॉबल आलाच समजा. आणि टायरबरोबर लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) टाकली असेल तर दोन गोष्टी एकदम बिघडतात, तो रॉड अ‍ॅक्सलला थोडा बाजूला ओढतो आणि अ‍ॅक्सल पुढे फिरल्यामुळे कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनची रेघ वरच्या बाजूला मागे कललेली असते ती, तिच्यामुळेच चाक आपोआप सरळ यायला बघतं, स्टेअरिंग सोडलं की परत येतं ते त्यामुळे. ते कमी झालं की गाडी भटकते, स्टेअरिंग हलकं हलकं लागतं आणि वॉबलला आमंत्रण. लिफ्ट विकणाऱ्याने कॅस्टर करेक्शनचे बुश द्यायलाच पाहिजेत, गिऱ्हाईकाने मागितले नाहीत तरी. अलाइनमेंट केल्यावर मशीनची प्रिंट मागा आणि कॅस्टरचा आकडा स्वतः बघा, कारण बरेच ठिकाणी फक्त टो सेट करून देतात आणि अलाइनमेंट झालं म्हणतात. टो तर घरीही बघता येतो, टायरच्या मधोमध खडूची खूण करा, हबच्या उंचीला पुढनं अंतर मोजा, गाडी पुढे ढकलून तीच खूण मागे आणा आणि परत मोजा, अशा अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीला पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी पाहिजे, किती ते गाडीच्या पुस्तकात असतं.

डॅम्परबद्दल माझं मत ठाम आहे. तो खड्ड्याचा झटका हातापर्यंत कमी यावा म्हणून असतो, जॉइंटमधला प्ले भरून काढायला नसतो. ढिल्या गाडीला नवा डॅम्पर म्हणजे किडलेल्या दाताला लवंग, ठणका थांबतो आणि कीड आत चालूच राहते. तो दमला की वॉबल परत येतो आणि तोपर्यंत तो एन्ड अजून झिजलेला असतो, एन्ड सॉकेटमधनं निसटला तर स्टेअरिंग हातात नुसतं फिरेल आणि चाकं कुठे जातील ते सांगता येणार नाही. म्हणून प्ले काढून झाल्यावर डॅम्पर लीक असेल तर जरूर बदला, पण आधी नको.

आपल्याकडे हे जास्त बघायला लागतं त्याला कारण आहे. खारी हवा, चार महिने पाऊस, वर्षभर लाल माती, आणि हौसेने पाण्यात घातलेल्या गाड्या. फाटलेल्या बुटातनं एकदा खारं पाणी आत गेलं की तो जॉइंट पुढचा पावसाळा बघत नाही. समुद्रावरनं आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालनं धुवा, आणि पावसाळा संपला की एकदा सगळे बूट हाताने चाचपून बघा, ग्रीस निप्पल असतील तिथे नवीन ग्रीस मारा जुनं बाहेर पडेपर्यंत.

चालत्या गाडीत वॉबल सुरू झालाच तर घाबरून ब्रेकवर उभे राहू नका, पुढचा भार वाढून तो अजून जोरात होतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरा पण अंगठे आत अडकवू नका, झटक्याने अंगठा मोडू शकतो. उलटसुलट फिरवून झगडू नका, सरळ धरून गाडी आपोआप हळू होऊ दे, मग हळूच डावीकडे घ्या. घाट उतरताना असं झालं तर गाडी उतारावर आपोआप हळू होत नाही, तिथे गिअर एकेक उतरवा आणि ब्रेक हलका हलका लावा. एकदा असं झालेली गाडी तशीच दामटत पुढे नेऊ नका, पहिल्या गॅरेजला थांबा.

कायद्याचंही थोडक्यात, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत, आणि विम्याच्या क्लेमच्या वेळी असे बदल अडचणीचे ठरू शकतात. टायर घ्यायच्या आधी हे विचारून घ्या, नंतर नाही.

माझी टायर विकणाऱ्या सगळ्या भावांना कळकळीची विनंती आहे की मोठा टायर चढवायच्या आधी गाडी उचललेलीच असते, तेव्हाच बारा-सहा आणि तीन-नऊ हात लावून बघा, प्ले असेल तर गिऱ्हाईकाला दाखवा आणि आधी ते काम करून यायला सांगा. चार टायरची विक्री थोडे दिवस पुढे जाईल, बुडणार नाही. आणि गाडीमालकांनी दुकानात जाताना नुसता टायरचा रेट विचारू नये, पुढचा भाग चेक करून देणार का हेही विचारावं आणि नाही म्हणाले तर दुसरीकडे जावं.

संपादक साहेब, जागा कमी असेल तर बाकीचं कापा पण जमिनीवर गाडी ठेवून करायची ती टेस्ट आणि वॉबल सुरू झाल्यावर काय करायचं हे दोन भाग तेवढे ठेवा, आणि शक्य झालं तर चाकरमानी मुंबईहून निघायच्या आधीच्या रविवारी छापा, म्हणजे निघण्याआधी तपासून घ्यायला त्यांना वेळ मिळेल.

आपला,
एक गॅरेजवाला
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी